भाच्याचा नवा दांडू

दरवर्षी दिवाळीला पुण्याहून भाचा येतो. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, म्हणून मी वाकतो. उठेपर्यंत त्यानं माझ्या हातात टीव्ही गेमचा एखादा नवा कंट्रोलर ठेवलेला असतो. "मामा, या वेळी एकदम वेगळा गेम!" पुढचे चार दिवस मी हरतो, त्यात वेगळं काही नसतं. तिकडे कापूस फुटून लोंबत असतो, वेचायला बाया मिळत नाहीत, आणि इकडे कास्तकार ओसरीत बसून अंगठे दुखवून घेत असतो.

एका साली त्यानं थरथरणारा कंट्रोलर आणला. माझी मोटार भिंतीला धडकली आणि तो हातात गुरगुरला. ज्यानं ओल्या हातानं विहिरीवरचा स्टार्टर दाबला आहे, त्याला अशा वेळी एकच सुचतं. मी तो फेकला आणि बोंबललो, "अबे, मेन बंद करा!" शेजारचा पोरगा डीपीकडे पळालाही. हे थरथरणं १९९७ पासूनचं आहे, असं भाच्यानं नंतर सांगितलं. ते आधी सांगायचं असतं.

गेल्या साली २०२० च्या प्लेस्टेशन या गेमच्या यंत्राचा आला. त्याचा बंदुकीसारखा घोडा दाबताना जड होत जातो, धनुष्य ताणल्यासारखा. पाठीवरच्या पंपाचा दांडाही हवा भरत आली की असाच जड होतो. पण पंपानं निदान अळी मरते.

भाच्याचं म्हणणं असं की दांडू नवा म्हणजे खेळ नवा. मी म्हणतो, विटी तीच असेल तर दांडू सागाचा काय अन् बाभळीचा काय. तरी एक कबूल करतो. १९८२ साली निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं बटण बसवलं, ते म्हणजे आपला स्टार्टर: चालू नाहीतर बंद, अधलंमधलं काही नाही. पुढे १९९६ साली निन्टेंडोच्याच यंत्राला अंगठ्यानं कलवायची काडी आली. ती जरा कलवली तर पडद्यावरचा मारिओ दबकत चालतो, पूर्ण कलवली तर धावतो. हा मात्र बैलाचा कासरा झाला. स्टार्टर सोडून कासरा हाती आला तर खेळ बदलणारच, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

खरा तमाशा झाला तो निन्टेंडोच्या 'वी'चा. २००६ सालचं यंत्र, भाच्यानं मित्राकडून जुनं आणलेलं. रिमोटसारखं पांढरं दांडकं बॅटीसारखं फिरवायचं. टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीची वायर उंदरानं रात्रीतून कुरतडली. मला वाटलं, सुटलो. पण ती पट्टी म्हणजे नुसते इन्फ्रारेड दिवे. पाहण्याचं काम दांडक्याच्या पुढचा डोळा करतो. कार्ट्यानं तुळशीपुढच्या दोन पणत्या उचलल्या, पट्टीच्या जागी वीतभर अंतरावर ठेवल्या, आणि पडद्यावरचा पंजा हलायला लागला! दिवाळीच्या पणतीचा असा उपयोग पाहून बायको देवाची माफी मागत होती.

टेनिस सुरू झालं. भाचा ओसरीभर नाचला. मी दोरी मनगटात न अडकवता जोरात सर्व्हिस केली आणि दांडकं सरळ दह्याच्या गंजात. धुऊन पुसून ते आईकडे गेलं. आईनं आयुष्यात बटण दाबलं ते मिक्सरचं, तेही नाइलाजानं. पण लहानपणी ज्वारीच्या राखणीला तिनं गोफण फिरवलेली. बॉलिंगमध्ये पहिल्याच फेकीत दहाच्या दहा आडवे! भाचा उड्या मारत म्हणाला, "बघा मामा, आजी खेळली! हाच नवा गेम!" मला बोलता येईना. खरंच होतं ते.

तासाभरात मात्र आईला मर्म कळलं. ती बाजेवर टेकली, पदर सावरला आणि नुसतं मनगट झटकून टेनिसमध्ये भाच्याला धुऊ लागली. तो घामाघूम. आई म्हणाली, "काऊन नाचून रायला बे एवढा? माशी हाकलल्यावानी कर, होते." दुसऱ्या दिवशी सगळं घर बाजेवर बसून माश्या हाकलत होतं. नव्या खेळाचं वय, एक रात्र.

२०१० चं किनेक्टही त्यानं आणून पाहिलं. दांडूच नाही, कॅमेराच तुम्हाला पाहतो. सहा फूट मागे व्हा म्हणे. आमच्या ओसरीत सहा फूट मागे म्हणजे अंगणात, गाईच्या शेजारी. २०१७ ला ते बनवणंच बंद झालं. गाईची काही तक्रार नाही.

यंदा मीच डाव टाकला. माळ्यावरून माझी जुनी टीव्ही गेमची बंदूक काढली. पॅडनं बदक मारण्यात काय राम आहे? बंदुकीनं आहे, तिच्यासाठीच तो खेळ बनलेला. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा तो उजेड हेरतो. लहानपणी आम्ही ती बल्बवर रोखून पाहिली होती. पण तिला आधी अंधार दिसावा लागतो, फसली नाही. भाच्यानं ती नव्या चपट्या टीव्हीला जोडली. एक बदक पडेना! हा टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो, बंदूक तेवढं थांबत नाही. खेळातला कुत्रा दात काढून हसला, तीस वर्षांपूर्वी हसायचा तसाच. दांडू तोच, विटी तीच, मैदानच बदललेलं.

तेवढ्यात लाइन गेली. मग त्याला घेऊन मी वावरात जागलीला गेलो. तुरीत खसखस झाली. रानडुकरं. मी बॅटरी त्याच्या हातात दिली अन् म्हटलं, "पाड उजेड." त्यानं अंधारात आधी अंगठ्यानं बटण चाचपलं, मग दुसरं शोधलं, मग मनगट झटकलं.

डुकरं जागची हलली नाहीत. भाचा मात्र धुऱ्यावरून थेट गाडीपर्यंत पळाला, आणि या वेळी कंट्रोलर न थरथरताही तो थरथरत होता.