शेवट माहीत असतो म्हणूनच

आम्ही मिरजेला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा आईने कोपऱ्यावरच्या एका लायब्ररीत नाव घातलं होतं, एक मासिक आणि एक पुस्तक, आणि दर दोन-तीन दिवसांनी पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे. आठवी-नववीत असेन. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर शाईने लिहिलेला नंबर, शेवटच्या पानावर तारखांचे जांभळे शिक्के. प्रेमकथांच्या पुस्तकांची अजून एक खूण होती, ती म्हणजे हळद. पानांच्या कडेला, अंगठा जिथे टेकतो तिथे, पिवळे ठसे. आणि ते सगळीकडे नसायचे. सुरुवातीची पन्नास पानं स्वच्छ, मग नायक गावाला निघून जातो तिथे एक ठसा, गैरसमज होतो तिथे दोन, आणि शेवटच्या तीस पानांत तर जवळजवळ प्रत्येक पानावर. म्हणजे कुठलीतरी बाई फोडणी टाकून, गॅस बारीक करून, हात पुसायलाही न थांबता परत पुस्तकाकडे आलेली आहे. मी तेव्हापासून पुस्तक घेताना आधी कडा बघायचे. जास्त पिवळं ते चांगलं. आजतागायत एवढा खरा रिव्ह्यू मी कुठे वाचलेला नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात एका कार्यक्रमात ओळख करून देताना मी सांगितलं की मी प्रेमकथा लिहिते, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "अरे वा, पण मग सिरियस काही?" चांगले सज्जन गृहस्थ होते, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. मी तिथे नुसती हसले, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच चालू होतं. म्हणून आता नीट सांगते. मी जे लिहिते ते सिरियसच आहे. गेली सहा वर्षं दिवसभर एका सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरून, रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की मी मोबाईलवर माझ्या ऑनलाइन कथामालिकेचा पुढचा भाग लिहायला बसते, आणि त्या दीड तासाइतकं जीव लावून मी दिवसात दुसरं काहीही करत नाही. (माझ्या वाचकांना आता पाठ झालंय की महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास भाग येणार नाही, ताईची रिटर्नं असतात.)

लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला, की यात शेवट आधीच माहीत असतो, मग वाचायचं कशाला. अहो, शेवट माहीत असतो म्हणूनच तर वाचायचं! आपल्याकडे एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर घरोघरी वाचलं गेलंय, अठरा प्रसंग आहेत, लग्न जमावं म्हणून मुली त्याची पारायणं करत आल्यात, माझ्या मावशीनेही केलंय. त्यात कृष्ण येणार की नाही ही शंका कुणाच्या मनात असते? कुणाच्याच नाही. तरी सुदेव ब्राह्मण रुक्मिणीचं पत्र घेऊन द्वारकेला निघतो तेव्हापासून जीव टांगणीला लागतोच ना. भाऊ शिशुपालाशी लग्न लावायला निघालाय, वऱ्हाड दारात आलंय, आणि ही मुलगी स्वतः पत्र लिहून कळवते की मला न्यायला या. प्रेमपत्र नायिकेने लिहिलंय, पहिलं पाऊल तिने टाकलंय! आणि हे घडतं कुठे, तर कौंडिण्यपूरला, आपल्या अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठाला. आणि एकनाथांच्याही कितीतरी आधी आपल्या या मातीत महाराष्ट्री प्राकृतात गाथासप्तशती झाली, त्यात घरातल्या, शेतातल्या बायकांच्या मनातलं प्रेम दोन-दोन ओळींत सांगितलंय. म्हणजे ही आवड कुठून बाहेरून येऊन आपल्याला चिकटली, असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्यासमोर बसवा.

शेवट माहीत असला की काय होतं, तर वाचणाऱ्याची भीती जाते. भीती गेली की लक्ष बारीक गोष्टींवर जातं. तो काय म्हणाला, म्हणताना कुठे बघत होता, तिने डबा परत देताना धुऊन दिला की त्यात काही घालून दिला. होणार का हा प्रश्नच राहत नाही, कसं होणार एवढंच बघायचं असतं, आणि "कसं" हे लिहायला फार कठीण असतं. "काय" तर कुणीही सांगेल, दोन ओळींत.

माझ्या आधीच्या मालिकेतलं एक उदाहरण देते. नायिका सहकारी बँकेत कॅशियर, नायक भूमी अभिलेखमध्ये मोजणीला जाणारा सर्व्हेअर, कर्ज प्रकरणाच्या कागदांवरून ओळख. बावीस भाग दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात. दोघंही तिशीच्या पुढचे, दोघांच्या मागे घरची ओझी, त्यामुळे घाई कुणालाच नाही. तेविसाव्या भागात बँक सुटायच्या वेळेला वळीव येतो, तो बाईक काढायला निघतो आणि ती शटरच्या आतून हाक मारते. मी आधी लिहिलं होतं, "थांबा, भिजाल." तीन वेळा वाचलं. बरोबर होतं, पण मेलेलं होतं. मग रात्री पाऊणला मी ते खोडून लिहिलं, "थांब, भिजशील." बस. बाकी एक अक्षर बदललं नाही. तो वळून बघतो, ती स्वतःच्याच तोंडातून काय निघून गेलं ते कळून कॅशच्या बंडलांना रबर लावायला लागते, आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल उघडला तर कॉमेंटमध्ये एकीने फक्त "भिजशील!!!" एवढंच लिहिलेलं, खाली दुसरीने तेच, तिसरीने तेच. एका नर्सने लिहिलं होतं की नाईट ड्युटीला वाचलं आणि वॉर्डात एकटीच हसत बसले. ना मिठी, ना हातात हात, क्रियापदाचा शेवट बदलला फक्त.

हे इंग्रजीत करून दाखवा म्हणावं. मी इंग्रजी रोमान्स पण भरपूर वाचलेत हां, मिल्स अँड बून भारतात २००८ साली रीतसर आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ती पातळ पुस्तकं आपल्या फुटपाथवर आणि रद्दीच्या दुकानांत मिळायची आणि कॉलेजात ती एका बेंचवरून दुसऱ्या बेंचवर जायची. ती कंपनी १९०८ पासूनची, त्यांचं तंत्र पक्कं आहे, मी त्यातून शिकलेही खूप. पण त्यांच्याकडे सगळ्यांना एकच "यू". आपल्याकडे तुम्हीवरून तूवर येणं हा अख्खा प्रवास असतो, आणि उलटाही असतो. भांडण झाल्यावर बायको एकदम "तुम्ही जेवून घ्या" म्हणते तेव्हा त्या घरात किती गार झालंय ते वेगळं सांगावं लागत नाही. मराठीत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य खऱ्या आयुष्यात किती जणांनी उच्चारलंय मला शंका आहे, ते नाटकातल्यासारखं वाटतं म्हणून आपली पोरं आय लव्ह यू म्हणून मोकळी होतात. मग मराठीत लिहिणाऱ्याने काय करायचं? त्याने ते वाक्य टाळून तेच सांगायच्या शंभर वाटा शोधायच्या. मला लिहिण्यात सगळ्यात जास्त आनंद कुठे मिळतो विचाराल तर तो इथे.

आणि अडथळे! प्रेमकथेत दोघांना लांब ठेवायला काहीतरी लागतं, पूर्वी पत्र हरवलं की काम व्हायचं. आता मोबाईल आहे, दोन निळ्या टिका दिसतात, गैरसमज एका कॉलमध्ये मिटतो. एका फोनने सुटणाऱ्या गैरसमजावर वीस भाग ओढणं मला तरी पटत नाही, वाचकाचा वेळ असा खाऊ नये. म्हणून खरे अडथळे शोधावे लागतात, आणि ते आपल्या आजूबाजूला ढिगाने आहेत. आडनाव विचारलं की बदलणारा चेहरा, पत्रिका, दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत म्हणून थांबलेला भाऊ, फ्लॅटचा हप्ता, आईला सोडून मी दुसऱ्या गावी जाणार नाही असं म्हणणारी मुलगी. यातलं एकही मला कल्पनेने काढावं लागलेलं नाही. हा समाज ज्याला कळत नाही त्याला मराठी प्रेमकथा लिहिता येणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

त्या लायब्ररीच्या कपाटातल्या बायका आठवतात मला, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, शकुंतला गोगटे, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर. योगिनीताई स्वतः शास्त्रीय गायिका, क्षेत्रमाडे डॉक्टर, अभ्यंकर डॉक्टर होत्या आणि रत्नागिरीच्या आमदारही होत्या. दवाखाने, मतदारसंघ, रियाझ सांभाळून या बायका लिहीत होत्या आणि महाराष्ट्रभरच्या स्वयंपाकघरांत वाचल्या जात होत्या, आणि तरी मराठी वाङ्मयावर कुणी बोलायला लागलं की यांची नावं एका श्वासात उरकली जातात, तीही आलीच तर. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुरुषांचंही फार वेगळं नाही. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, हायकोर्टाने दोषी धरलं, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. दिवाळी अंकातली एक प्रेमाची गोष्ट आणि सात वर्षं! आणि त्याच १९६९ साली त्यांच्या नीलांबरी कादंबरीवरून दो रास्ते हा हिंदी सिनेमा आला. तो किती चालला ते आपल्या आईवडिलांना विचारा. लोकांना काय आवडतं आणि शहाण्या माणसांना कशाची भीती वाटते, दोन्ही एकाच लेखकाच्या बाबतीत एकाच वर्षी दिसलं.

माझ्याकडूनही एकदा मोठी चूक झालीय, ती सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. तिसऱ्या मालिकेच्या वेळी मला एका लेखन कार्यशाळेत सांगितलं गेलं की सुखान्त म्हणजे पळवाट, जरा धाडस करा. मी मनावर घेतलं आणि बेचाळिसाव्या भागात नायकाला अपघातात मारलं. कथेत त्याची काही गरज नव्हती, आधी कुठे चाहूल नव्हती, केवळ मला कुणीतरी गंभीर लेखिका म्हणावं म्हणून मारलं. भाग टाकला आणि झोपले. सकाळी शिव्या असतील असं वाटलं होतं, त्या नव्हत्या. एका बाईंचा मेसेज होता, "ताई, माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी असेच गेले. तुमची गोष्ट रोज रात्री वाचायचे कारण इथे तसं होणार नाही हे माहीत होतं." एवढंच. मी ऑफिसला जाताना बसमध्ये रडले. तो भाग मी काढला, माफी मागितली, नऊ दिवस नवीन लिहिलं. त्या बाई परत वाचायला आल्या की नाही मला कळलं नाही, त्यांनी नंतर कधी काही लिहिलं नाही.

दुःखाची पुस्तकं मीही वाचते आणि मला ती लागतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण प्रेमकथा हातात घेणाऱ्या माणसाला आपण पहिल्या पानावर एक शब्द दिलेला असतो, की ही दोघं भेटतील, आणि त्या भरवशावर तो आपल्यासोबत रडायलासुद्धा तयार झालेला असतो. माझ्या वाचकांत पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आहे, सासूला डायलिसिसला घेऊन जाणारी आणि तिथे चार तास खुर्चीत बसणारी एक आहे, अबुधाबीला गॅरेजमध्ये काम करणारा एक सोलापूरचा दादा आहे, तो दर भागाखाली फक्त हात जोडल्याची इमोजी टाकतो. यांना दुःख म्हणजे काय ते मी शिकवायची गरज नाही, त्यांच्याकडे ते घरचंच आहे. त्यांना बघायचं असतं की कुणीतरी कुणाचं ऐकून घेतंय, चुकल्यावर माफी मागतंय, थकून आलेल्या बाईच्या हातात न सांगता पाण्याचा तांब्या देतंय. यात स्वप्नाळू काय आहे? उलट मला वाटतं की तांब्या देणारा माणूस पानावर दिसला की घरातल्या माणसाकडून तेवढीच अपेक्षा करायला हरकत नाही, हे बायकांना कळतं. मला एकीने तसं लिहूनही कळवलंय, "आता मी मागून घेते." कशाबद्दल ते तिने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

लिहिताना स्वतःला काय मिळतं तेही सांगते. दिवसभर मी इनव्हॉइस आणि टॅक्स क्रेडिटच्या रकान्यांत असते, रात्री त्या दोघांजवळ येते. भाजी चिरताना त्यांचे संवाद कानात चालू असतात. कधीकधी ती दोघं माझं ऐकतच नाहीत, मी भांडण लिहायला बसते आणि तिला मध्येच हसू फुटतं, मग मला अख्खा भाग बदलावा लागतो. अशा रात्री घड्याळात दीड वाजलेला असतो आणि मी जेवढी ताजी असते तेवढी सकाळी आठलाही नसते.

आई आता चौऱ्याहत्तरची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बारीक अक्षर नको म्हणते, म्हणून पोस्ट करायच्या आधी प्रत्येक भाग मी तिला वाचून दाखवते. ती डोळे मिटून, हातातलं लसूण सोलत ऐकते. नवीन मालिकेचा अकरावा भाग परवा वाचला, त्यात नायिका नायकाला पहिल्यांदा "अरे" म्हणते. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "नाही गं. एवढ्यात नाही म्हणणार ती. तिच्या वडिलांचं आजारपण झालंय ना आत्ताच, ती घाबरलेली आहे अजून. चार भाग थांब." मी म्हटलं, अगं पण वाचक वाट बघतायत. ती म्हणाली, "बघू देत की. बघायलाच आलेत ते."

आज दुसरा भाग लिहून झालाय. अजून दोन थांबायचंय.