लॉकियर १८६८ साली विजयदुर्गावर नव्हते

१८ ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर फोनवर फिरायला लागतो: '१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावरचा साहेबाचा कट्टा त्याची साक्ष.' विजयदुर्ग माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हतेच. हे इंग्रज खगोलनिरीक्षक तेव्हा लंडनला युद्ध खात्यात कारकून होते, आकाशाचा अभ्यास फावल्या वेळातला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहणाशिवायही वर्णपटदर्शकातून (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून) पाहता येतील, ही कल्पना त्यांनी १८६६ मध्येच मांडली होती. पण हवं तसं यंत्र हाती पडायला ऑक्टोबर १८६८ उजाडला. २० ऑक्टोबरला, ग्रहण वगैरे काही नसताना, त्यांना ज्वालेचा वर्णपट दिसला आणि त्याच दिवशी त्यांनी रॉयल सोसायटीच्या सचिवांना पत्र धाडलं: सविस्तर मागाहून कळवतो, पण आशा सुटावी इतक्या वेळा फसल्यावर आज सकाळी जमलं.

ग्रहणासाठी खरोखर इथे आले होते ते फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सन, आणि तेही विजयदुर्गाला नव्हे, गुंटूरला. त्याच ग्रहणासाठी जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. जान्सनना ज्वालांच्या वर्णपटातल्या रेषा (प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात) इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी स्वच्छ सूर्यप्रकाशात त्यांनी त्या पुन्हा पकडल्या. त्यांनी काकिनाड्याहून १९ सप्टेंबरला पत्र लिहिलं. ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या बैठकीत वाचलं गेलं, आणि लॉकियर यांच्या यशाची बातमी देणारं पत्रही त्याच बैठकीत! एकमेकांना न विचारता दोघं एकाच जागी पोचले होते. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे कोरलेलं पदक काढलं. पण ते ग्रहणाविना ज्वाला पाहण्याच्या पद्धतीबद्दल, हेलियमबद्दल नव्हे.

मग हेलियम कधी? १८ ऑगस्टला तर नक्कीच नाही. ज्वालांमधली पिवळी रेषा त्या दिवशी अनेकांनी पाहिली आणि ती सोडियमची समजली. चूक समजण्यासारखी आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर, ही ५८७.६ वर. घाईत पाहिलं तर फरक कळू नये. ही रेषा सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही, हे लॉकियरनी आपल्या यंत्रातून टिपलं. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत पडताळण्या झाल्या. 'हेलियम' हे नाव विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या एडिंबरोतल्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणात जाहीरपणे घेतलं. तरीही बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. मार्च १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझींना क्लीव्हाइट या खनिजातून एक वायू मिळाला. त्यांनी तो वायू भरलेल्या नळ्या वर्णपटाचे जाणकार विल्यम क्रूक्स आणि लॉकियर यांच्याकडे तपासायला पाठवल्या. क्रूक्सनी रेषा मोजली आणि तीच ती पिवळी रेषा निघाली. म्हणजे एका दिवसाची नव्हे, सत्तावीस वर्षांची ही गोष्ट आहे.

राहिला कट्टा. लॉकियर विजयदुर्गावर आले होते, हे शंभर टक्के खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. १८६८ आणि १८९८ मधली तीस वर्षं कुणीतरी गिळली आणि पुढे सगळ्यांनी तेच पाठवलं. तेव्हा लॉकियर एकसष्ट वर्षांचे होते. ब्रिटिश आरमाराच्या मेल्पोमिनी जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी किल्ल्यावर दुर्बिणी आणि कॅमेरे मांडले, आणि ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली यंत्रं लावून उभे होते. किल्ल्यावर फलक लावून लिहायचंच असेल तर १८९८ लिहा, आणि नेगमवालांचं नावही लिहा.