आतडी धुऊन कॅन्सर जात नाही, मामा

गेल्या गुरुवारी कराडच्या मामांची कोलोनोस्कोपी ठरली होती. बुधवारी संध्याकाळी मामीचा फोन आला: मामांनी ती रद्द केली, आणि आदल्या रात्री पाण्यात कालवून प्यायची जुलाबाची पावडर फडताळावर तशीच ठेवून दिली. कारण? सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज. ‘कोलोनोस्कोपी: पोटावरची सगळ्यात मोठी लूट’ असं त्याचं शीर्षक, आणि खाली हात जोडलेल्या चिन्हासकट ‘जनहितार्थ’. नंतर तोच मेसेज मला आणखी तिघा नातेवाइकांनी पाठवला. म्हणून हे लिहिते आहे, आणि शांतपणे लिहिणं जमेलच असं नाही.

मामांचं वय ५६. थोरल्या मामांना ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता, ऑपरेशन झालं. त्यामुळे मामेभावाने मागे लागून मामांची ‘फिट’ नावाची शौचाची तपासणी करून घेतली. डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचात आहे का, एवढंच ती बघते. ती पॉझिटिव्ह आली. पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुंगी देऊन दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं. नेमकं तिथे या मेसेजने त्यांना गाठलं.

मेसेजची सुरुवात भारदस्त आहे. ‘युरोपात ८५ हजार लोकांवर अभ्यास झाला, कोलोनोस्कोपीने मृत्यू कमी होत नाहीत हे सिद्ध झालं.’ असा अभ्यास खरंच आहे. नॉर्डिक नावाचा, पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधला, ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेला. माणसं ८४,५८५, वय ५५ ते ६४. त्यातल्या २८,२२० जणांना कोलोनोस्कोपीचं आमंत्रण गेलं आणि आले किती? ११,८४३. म्हणजे ४२ टक्के. दहा वर्षांनी हिशोब मांडला तो आमंत्रण गेलेल्या सगळ्यांचा, न आलेल्यांसकट. शंभर जणांना पंगतीचं आमंत्रण द्यायचं, बेचाळीस जेवून जाणार, आणि मग शंभरही जणांची पोटं चाचपून ‘या स्वयंपाकाने भूक भागत नाही’ म्हणायचं, तसला हा निष्कर्ष. (संशोधकांनी तसं मोजण्याला कारण आहे. आमंत्रण पाठवण्याची सरकारी योजना किती कामाची, हे त्यांना बघायचं होतं. मेसेज लिहिणाऱ्याला ते बघायचं नव्हतं.)

तरीसुद्धा आमंत्रण न गेलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण १.२० टक्के निघालं, आमंत्रण गेलेल्यांमध्ये ०.९८. या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंमधला फरक, ०.३१ आणि ०.२८, ठामपणे काही म्हणण्याइतका नव्हता, हे कबूल. पण ज्यांनी तपासणी प्रत्यक्ष करून घेतली त्यांचा वेगळा अंदाज त्याच लेखात आहे: कॅन्सर ०.८४ टक्के, मृत्यू ०.३० ऐवजी ०.१५. स्वतःहून तपासणीला येणारी माणसं मुळातच प्रकृती जपणारी असतात, म्हणून या दुसऱ्या आकड्यावर मीही डोळे झाकून विसंबणार नाही. पण निम्म्यावर आलेला आकडा गाळून ‘सिद्ध झालं’ म्हणायचं? आणि मामांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तो अभ्यास काहीही त्रास नसलेल्या, धडधाकट माणसांचा होता. शौचात रक्त सापडलेल्या माणसाने पुढे जावं की नाही, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

‘हा गोऱ्यांचा आजार, शाकाहारी माणसाला होत नाही.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. भारतात या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशा तीन कॅन्सरची तपासणी होते, आतड्याची नाही. सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाने धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. आणि चाळिशीच्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात पॅकेजमधून कोलोनोस्कोपी मारणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण थोरले मामा माळकरी आहेत हो! आयुष्यात अंड्याला हात लावला नाही. सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत किंवा भावाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करा असा सल्ला दिला जातो. मामांना तशी सोळा वर्षं उशीर झालेला आहे.

आता तो तिसरा मुद्दा, ज्याने मामा फितले. शब्दशः देते: ‘स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, ते मूळव्याधीचं रक्त असतं. तीन दिवस रात्री एरंडेल व त्रिफळा घ्या, आतड्याला चिकटलेला ५ ते १० किलो जुना मळ निघून जाईल, मग टेस्ट पुन्हा करा. निगेटिव्ह येईल.’

दहा किलो! गॅसची टाकी चौदा किलोची असते. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्यात आठ-दहा किलो वर्षानुवर्षं थापलेलं असतं तर आजवर एखाद्या तरी सर्जनला ते दिसलं असतं. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, जुन्या पेशी गळून शौचावाटे जातात. चिकटायचं कशाला आणि किती दिवस? आणि आतडी धुण्याचा एवढाच सोस असेल तर मामा, ती फडताळावरची पावडर काढा. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री होते तशी धुलाई एरंडेलाच्या बापाला जमणार नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. ‘पुन्हा करा, निगेटिव्ह येईल’ हे मात्र जीवघेणं आहे, कारण ती खरंच निगेटिव्ह येऊ शकते. आतड्यातला कोंब, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात, किंवा गाठ रोज रक्त सोडत नाही. आज सोडेल, पुढचे चार दिवस नाही. म्हणून तर ही टेस्ट दरवर्षी करायची असते. त्यात एरंडेलाने पातळ झालेल्या शौचाचा नमुना द्यायचा, म्हणजे असलेलं रक्तही पातळ. दुसऱ्या टेस्टने पहिलीतलं रक्त खोटं ठरत नाही.

मूळव्याध असेलही. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच. पण मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होऊ नये असा काही करार नाही, आणि कुठलं रक्त कुठून आलं हे आत बघितल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत फिट पॉझिटिव्ह आलेल्या सत्तर हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. दहा महिन्यांहून जास्त थांबलेल्यांमध्ये कॅन्सर जास्त निघाला, आणि पुढच्या टप्प्यातलाही जास्त.

‘पर्याय आहेत’ असं मेसेज म्हणतो. आहेत ना! अमेरिकेत ४५ ते ७५ वयाच्या, विशेष धोका नसलेल्या लोकांना दरवर्षी फिट, दहा वर्षांनी कोलोनोस्कोपी किंवा पाच वर्षांनी आतड्याची सीटी स्कॅन तपासणी, यातलं काहीही निवडायला सांगतात. स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत फिटचं आमंत्रण मिळालेले आणि थेट कोलोनोस्कोपीचं आमंत्रण मिळालेले यांच्यात दहा वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ सारखे निघाले. फक्त त्या चाचणीत फिट पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढे कोलोनोस्कोपीलाच पाठवलं होतं. फिटचा सगळा फायदा त्या दुसऱ्या पायरीवर उभा आहे. निवड पहिल्या टेस्टची असते. ती पॉझिटिव्ह आली की पर्याय संपतात. सीटी केली आणि पॉलिप दिसला तरी तो काढायला दुर्बीणच घालावी लागते.

‘नळीने आतडं फाटतं.’ फाटू शकतं. दहा हजार तपासण्यांत तीनच्या आसपास, आणि फिट पॉझिटिव्ह आल्यावर केलेल्यांत पाचच्या आसपास. रक्तस्राव यापेक्षा जास्त होतो, बहुतेकदा पॉलिप काढल्यावर. डॉक्टरांना हे जरूर विचारा, पण या धोक्याची तुलना न बघितलेल्या गाठीशी करा.

‘सीईए ही रक्ताची टेस्ट पुरे.’ नाही. ती प्रामुख्याने कॅन्सर सापडलेल्यांवर लक्ष ठेवायला वापरतात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती नॉर्मल येऊ शकते, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याची उगाच वाढलेली दिसते. अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेली नवी, महागडी रक्ताची टेस्टसुद्धा १०० कॅन्सरपैकी ८३ पकडते, पण पुढे कॅन्सर होऊ शकेल असे मोठे पॉलिप शंभरातले जेमतेम १३.

मामांनी पुढच्या मंगळवारची तारीख घेतली आहे. मन अजून पुरतं वळलेलं नाही; काल फोनवर विचारत होते, ‘तोपर्यंत त्रिफळा घेतला तर चालेल ना?’ हे सगळं मी त्यांच्या ग्रुपवरही टाकते आहे. एवढं लांबलचक कुणी वाचणार नाही, असं मामीचं मत. निदान एरंडेलाचा भाग तरी वाचा, काका मंडळी.