आडोशाला बांबू लावताय? आधी खाली काय चाललंय ते बघा

हल्ली इंदुरात प्रत्येक नव्या घराला आडोसा हवा असतो. प्लॉट तीस बाय पन्नासचा, शेजारची घरं तिमजली झालेली, त्यांच्या गॅलरीतून आपली दोरीवरची कपडेसुद्धा मोजता येतात. मग कुणीतरी मोबाइलवर हिरव्यागार बांबूच्या भिंतीचा फोटो दाखवतं आणि पुढच्या रविवारी कंपाउंडला लागून रोपांची रांग उभी राहते. बांबूबद्दल माझं काही म्हणणं नाही, मला तो फार आवडतो. माझं भांडण आहे ते पळणारा बांबू दोन घरांच्या सामाईक भिंतीखाली लावण्याशी.

पळणारा म्हणजे काय? आपले मानवेल, कळक हे बेट करून राहतात. त्यांचा कंद जाड, आखूड. जरासा पुढे सरकतो, लगेच वर वळतो आणि त्याचाच नवा बांबू होतो. बेट दरवर्षी थोडं रुंदावतं, बस. चीनकडून आलेला फायलोस्टॅकिस मात्र वेगळ्या चालीचा. त्याचा कंद बारीक, आणि तो जमिनीखाली आडवाच धावत सुटतो. प्रत्येक पेरावर, म्हणजे गाठीवर, डोळा. एखाद्या डोळ्यातून बांबू फुटतो, एखाद्यातून आणखी एक धावणारा कंद. जमीन मानवली तर वर्षाला काही मीटर. गंमत अशी की पहिली दोन-तीन वर्षं वर फारसं काही दिसत नाही, म्हणून माणसं बिचारी आणखी पाणी घालतात (तेही नर्मदेचं, एक दिवसाआड येणारं!). नंतर जो कोंब येतो तो शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी. बांबू जमिनीतून निघतो तोच त्याची शेवटची जाडी घेऊन, पुढे फक्त उंची वाढते, तीही काही आठवड्यांत. काकूंना विचार करायलाही सवड मिळत नाही.

नर्सरीत 'गोल्डन बांबू' म्हणून फायलोस्टॅकिसचीच ऑरिया ही पळणारी जातही मिळते आणि हिरव्या रेघांचा पिवळाधमक, बेट करणारा बांबूही. त्यामुळे पाटीवर जाऊ नका, पेर बघा. पेरातून दोनच फांद्या निघाल्यात, एक मोठी, एक लहान, आणि त्यांच्या वरच्या कांड्यावर उभी खाच आहे? तो पळणारा. पेरावर फांद्यांचा झुबका असेल तर बहुधा बेटाचा. (आणि काचेच्या बरणीतला 'लकी बांबू' बांबूच नाही, ती ड्रॅसिना. त्याला घाबरू नका.)

परवा आमच्या गल्लीतल्या वहिनी म्हणाल्या, "ताई, भोवती जाड प्लास्टिक पुरलं की झालं ना?" होतं, पण नीट पुरलं तर. साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर खोल, वरची कड मातीच्या वर चार बोटं, कारण कंद अडला की कडेवरून चढून पलीकडे जातो. शिवाय आपली माळव्याची काळी माती. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. पुरलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं जागेवर राहील यावर माझा भरवसा नाही. त्यापेक्षा मोकळा चर बरा: फूटभर रुंद, फूटभर खोल, रिकामा. कंद बहुतेक वरच्या फूटभर मातीतच धावतात, चरात डोकावले की दिसतात आणि कात्रीने कापता येतात. पण वर्षातून तीन-चारदा वाकून बघायला हवं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी सिमेंटच्या टाकीत लावावा, तीही जमिनीपासून उचललेली.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०१३ साली यावर कायदाच केला. पळणारा बांबू हद्दीबाहेर गेला तर नुकसानीला मालक जबाबदार, आणि विकणाऱ्यानेही गिऱ्हाइकाला तो पसरतो हे आधी सांगायचं. आपल्याकडे कायदा नको, निदान दुसरी गोष्ट तरी व्हावी. रोप विकताना "मॅडम, ये फैलता है" एवढं म्हणायला काय जातं? मी विचारलं तर उत्तर आलं, "अच्छा है ना, जल्दी भरेगा."

ज्यांच्याकडे तो आधीच भरलाय त्यांनी ॲसिड-बिसिड ओतू नये, मातीचं वाटोळं होईल. सगळे बांबू जमिनीलगत कापा आणि नवा कोंब दिसला की मऊ असतानाच लाथेने मोडा. पानं मिळाली नाहीत की कंदातला साठा संपत जातो. एका पावसाळ्यात होणारं काम नाही, आणि शेजाऱ्यांनीही त्यांच्या बाजूला मोडलं नाही तर अजिबात होणार नाही. म्हणजे आधी त्यांच्याकडे चहाला जा.

आडोसाच हवा असेल तर मल्टिप्लेक्स जातीचा हेज बांबू घ्या. बेट करतो, दाट पानं, छाटणी सोसतो. तोही भिंतीपासून तीन-चार फूट आत, म्हणजे मागून हात घालता येतो. मला अजून दोन हवेत. इंदुरात खात्रीचं रोप कुणाकडे मिळालं असेल तर कमेंटमध्ये सांगा, पेराचा फोटो टाकलात तर फारच उत्तम.