मोसंबीची सालं, खाडीचं पाणी आणि एक चुकलेला शब्द

काका, मोसंबीच्या सालीपासून केलेले कार्बन डॉट्स (अतिनील प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण) पाण्यातली प्रतिजैविकं ‘ओळखतात’, असं लिहिलेल्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. ‘सालीचे कार्बन डॉट्स हा पेपर छापायचा उद्योग आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काहीही चालतं, वाशीच्या खाडीत चालवून दाखवा.’ आधी राग आला, खोटं कशाला बोलू.

पण खाडीत चालवून पाहिलं होतं आणि ते लेखात लिहायचं टाळलं होतं. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली आमचं डॉट्सचं द्रावण छान निळं दिसतं, टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलं की मंदावतं. खाडीचं गाळलेलं पाणी घातलं, तर औषधाचा थेंब नसतानाही मंदावलं! टेट्रासायक्लिन स्वतः ३६०च्या आसपासचा प्रकाश शोषतं, म्हणजे डॉट्सच्या तोंडचा घास आधीच पळवतं. कुजक्या पानांतली ह्युमिक द्रव्यंही तेच करतात, लोहानेही चमक उतरते. तेव्हा ‘ओळखतात’ हा माझा शब्द चुकला. ‘संशय दाखवतात’ असा बदल आजच करतो.

तुम्ही न काढलेली खोटही सांगतो. डॉट्सनी १० नॅनोमोलर इतकं विरळ टेट्रासायक्लिन पकडलं तरी ते लिटरला साधारण ४.४ मायक्रोग्रॅम होतं. नदी-तलावांत ही औषधं बहुतेकदा नॅनोग्रॅमच्या हिशेबात असतात. ठाण्याच्या मासुंदा तलावावर टॉर्च घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्याची गोष्ट निराळी. हैदराबादजवळ पटानचेरूच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. (सिप्रो स्वतःच निळं चमकतं, त्यामुळे आमचे डॉट्स तिथे उलटंच बोलले असते. पण प्रमाण बघा.) अशा ठिकाणी पन्नास बाटल्यांतल्या कुठल्या पाच एलसी-एमएसला (औषध नेमकं ओळखून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मशीनला) पाठवायच्या, एवढं ठरलं तरी मला पुरे. निकाल तुमच्या मशीननेच द्यायचा.

लेखातल्या ‘टाकाऊपासून टिकाऊ’वरचा तुमचा टोमणाही मान्य. रसवाला सालं फुकट देतो, पण त्यांचे डॉट्स करायला ओव्हन १८० अंशांवर सहा तास चालतो, त्याचं वीजबिल कोणी पेपरात छापत नाही. आणि घरच्या कुकरात हे जमत नाही, तो १२० अंशांच्या आसपासच थांबतो.

पुढच्या ओहोटीला ऐरोलीकडे नाल्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, एकाच दिवशी नमुने घेणार आहे. अडलंय ते ब्लँकवर, म्हणजे तुलनेसाठीच्या नमुन्यावर. खाडीसारखंच गढूळ, खारट, पण औषध नसलेलं पाणी आणायचं कुठून? क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) तुम्ही अशा वेळी काय करायचात, तेवढं लिहा.