खुलासा : तुरुंगात खेळाडू गेले नव्हते

'अमेरिकेत कॉलेजचे बास्केटबॉल खेळाडू पैसे घेतल्याबद्दल तुरुंगात गेले,' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. २६ सप्टेंबर २०१७ रोजी उघड झालेल्या या प्रकरणात दहा जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत चार सहायक प्रशिक्षक होते, आदिदासचे अधिकारी जेम्स गॅटो होते; खेळाडू एकही नव्हता. आदिदास ज्याच्या संघांची प्रायोजक होती त्या अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठातच एका मुलाने खेळावं म्हणून त्याच्या घरच्यांना आदिदासच्या पैशातून एक लाख डॉलर हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरलं होतं. गॅटोंना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. कॉलेजच्या खेळाडूंसाठी असे पैसे देणं तेव्हा नियमाबाहेर होतं आणि ते विद्यापीठापासून लपवलं होतं, म्हणून खटल्यात फसवणूक झालेला पक्ष ठरला विद्यापीठ. त्या मुलाला मात्र कॉलेजचा एकही सामना खेळता आला नाही, आणि वर आपण त्यालाच गुन्हेगार म्हणतोय. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.