'दूधवाल्याची सायकल': एका प्रतिक्रियेला उत्तर

पहिल्या रेसच्या आधी सायकलच्या चाकांवर खर्च कुठून सुरू करावा, या माझ्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच खाली उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून स्वतंत्र टाकतोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: मी क्रम असा दिला होता की आधी टायर-ट्यूब बदला, मग हाताने बांधलेली ॲल्युमिनियमची चाकं घ्या (पुढे २४, मागे २८ स्पोक), मग कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आणि चेन बघा, आणि कार्बनच्या खोल, म्हणजे उंच कडेच्या रिंगा (डीप रिम) सगळ्यात शेवटी.

त्यावरची प्रतिक्रिया खाली देतो. त्यातलं '२५ चं टायर' म्हणजे २५ मिमी रुंद, पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, '१२ स्पीड' म्हणजे मागे बारा चकत्या, आणि फ्रीहब म्हणजे कॅसेट ज्यावर चढते तो मागच्या हबचा भाग, त्यालाच बॉडीही म्हणतात. प्रतिक्रिया अशी: "अरे बाबा, तुला रेसिंगमधलं काही कळत नाही हे दिसतंच आहे. २८ स्पोकचं चाक म्हणजे दूधवाल्याची सायकल. सिंहगडला अर्धा किलो वाचला की मिनिटं वाचतात. टायर २५ चं घे आणि १२० पीएसआयला कडक ठेव. ४० च्या स्पीडला डीप रिम काय करते ते तू लिहिलंच नाहीस. आणि १२ स्पीडची कॅसेट ११ च्या फ्रीहबवर बसत नाही हे साफ चूक आहे. आधी अभ्यास कर, मग लोकांना शिकव."

आधी सुराबद्दल बोलू. आपली ओळख नाही, आपण कधी भेटलेलो नाही. असं असताना पहिल्याच शब्दाला 'अरे' आणि दुसऱ्या वाक्याआधीच माझी अक्कल काढून मोकळे! मुद्दा हातात असलेल्या माणसाला याची गरज पडत नाही. रागावून लिहिलंत तरी चालेल, चूक दाखवलीत तर आनंदच आहे. पण एकेरीवर येऊन 'अभ्यास कर' म्हणणं हा काही युक्तिवाद होत नाही. चौदा वर्षं मी चाकं बांधतोय आणि पुण्याच्या रस्त्यांवर चालणारी बांधतोय. अभ्यासाचं मला सांगू नका.

आता जे खरं आहे ते आधी मान्य करतो. कॅसेटचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. शिमानोची रोडची १२ स्पीड कॅसेट (१०५ आणि अल्टेग्रा या मालिकांतली) ११ स्पीडच्या एचजी, म्हणजे शिमानोच्या नेहमीच्या खाचांच्या फ्रीहबवर बसते. मी 'बसत नाही' लिहिलं होतं, ते चुकलं, आणि लेखात दुरुस्त केलं आहे. माझ्या डोक्यात स्रॅमची १० दातांपासून सुरू होणारी कॅसेट होती. तिला एक्सडीआर नावाची वेगळी बॉडी लागतेच. खरा घोटाळा होतो तो उलट्या बाजूने. ११ स्पीडच्या बॉडीवर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट चढवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर विसरला की लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी चकती) ४० न्यूटन मीटरला आवळूनही कॅसेट हलत राहते, आणि सुट्या चकत्यांच्या आतले दात ॲल्युमिनियमच्या बॉडीत खाचा पाडतात. त्याबद्दल मी लिहिलं होतं, ते तसंच राहील.

पण एक वाक्य मी सोडणार नाही: 'दूधवाल्याची सायकल.'

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. म्हणजे मी सुचवलेल्या मागच्या चाकात त्याहून बारा कमी आहेत. ती विभागणी बघा: पुढे कमी, मागे जास्त. भार मागच्या चाकावर येतो हे ज्यांनी ओळखलं त्यांनीच ती केली. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून पहाटे चारला निघणाऱ्या माणसाचं चाक वर्षानुवर्षं उभं राहतं ते याच हिशोबामुळे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते अशाच सायकलींमुळे. तिचं नाव तुम्ही शिवीसारखं वापरलंत, ते मला झोंबलं.

आता मागच्या चाकात २८ का, ते सविस्तर. उजवीकडे कॅसेट असते, त्यामुळे हबची उजवी फ्लँज (स्पोक अडकतात ती कडा) आत सरकलेली असते आणि त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे राहतात. रिंग मधोमध ठेवायची तर डावीकडचे स्पोक सैल ठेवावेच लागतात. उजवीकडे ११० ते १२० किलोचा ताण असेल तर डावीकडे जेमतेम ५५ ते ६५ मिळतो. चाक फिरताना जो स्पोक जमिनीच्या बाजूला येतो त्याचा ताण तेवढ्यापुरता उतरतो. उजवीकडच्याला ते सोसतं. डावीकडच्याचा ताण मुळात निम्मा, त्यात रम्बलरचे पांढरे पट्टे आले, वर ८० किलोचा माणूस बसलेला; मग तो क्षणभर पूर्ण ढिला पडतो. ढिला पडला की हबच्या भोकात त्याचा वाकलेला गुडघा, म्हणजे डोक्याजवळचं वळण, हलतो. २८ मिमीच्या टायरचं चाक शंभर किलोमीटरमध्ये साधारण ४७ हजार वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक स्पोकला तितके हिसके बसतात. याने दोन गोष्टी होतात. निपल (स्पोकला रिंगेत आवळणारा छोटा नट) आपोआप उलटं फिरायला लागतं आणि चाकाला आऊट येतो, म्हणजे ते फिरताना डावं-उजवं हलतं. किंवा गुडघ्यावर बारीक भेग पडते आणि ती हळूहळू पुढे सरकते.

तुटलेल्या स्पोकचं टोक एकदा भिंगाखाली धरून बघा. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि काळपट दिसतो, आणि एका कडेला चमकदार, खडबडीत चंद्रकोर. काळपट भाग म्हणजे कित्येक दिवस सरकत आलेली जुनी भेग. चंद्रकोर म्हणजे शेवटच्या क्षणी उरलेलं पोलाद तुटलं ती जागा. लोक म्हणतात, 'खड्ड्यात गेलो म्हणून स्पोक तुटला.' खड्डा फक्त शेवटचं निमित्त ठरतो. मारेकरी असतो तो कमी ताण.

स्पोक वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याचा भार कमी होतो आणि डावीकडचा ढिला पडायला वेळ लागतो. किंमत काय मोजावी लागते? मधे बारीक केलेला, २.० / १.८ / २.० मिमीचा स्पोक सुमारे सहा ग्रॅम, पितळी निपल एक ग्रॅम. चार जास्तीचे स्पोक म्हणजे तीस ग्रॅमसुद्धा नाहीत. बाटलीतला एक घोट पाणी तेवढं भरतं. हवेचा अडथळा म्हणाल तर मागचं चाक सीटखालच्या नळीच्या आडोशाला असतं, तिथे चार स्पोकांनी फारसं काही बिघडत नाही.

वीस-एकवीस स्पोकची चाकं मुळीच टिकत नाहीत असं मी म्हटलेलं नाही. खोल रिंग ताठ असते, ती भार जास्त स्पोकांवर पसरवते, म्हणून तिथे संख्या कमी चालते. कंपानोलो आणि फुलक्रमच्या काही चाकांत उजवीकडे डावीच्या दुप्पट स्पोक असतात, त्यामुळे डावीकडचा ताण वाढतो. ती विचार करून केलेली रचना आहे. साठ किलोच्या माणसाला मागे २४ पुरतात, हेही लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का?

आणि रेसमध्ये स्पोक तुटला तर काय होतं? आपल्या हौशी रेसमध्ये मागून चाकं घेऊन येणारी गाडी बहुतेक वेळा नसते. २८ च्या चाकातला एक तुटला तर आऊट थोडा येतो. तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळायचा, तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंना जे विरुद्ध फ्लँजचे स्पोक आहेत ते अर्धा-अर्धा फेरा ढिले करायचे, रिम ब्रेक (रिंगेला धरणारा) असेल तर तो सैल करायची कळ उघडायची. मग चाक फ्रेमला न घासता फिनिशपर्यंत जातं. वीस स्पोकच्या चाकातला एक गेला की रिंग इतकी सरकते की टायर चेनस्टेला (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळीला) लागून बसतं, आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे. शिवाय साधा वाकड्या डोक्याचा स्पोक शहरातल्या कोणत्याही जाणत्या दुकानात लांबी सांगितली की मिळतो. चपटा, सरळ ओढीचा (डोक्याजवळ न वाकलेला), त्या एकाच कंपनीचा स्पोक मागवून येईपर्यंत तुमची पुढची रेसही होऊन गेलेली असते.

चाक बांधून घेताना विचारायच्या गोष्टीही पुन्हा देतो. टेन्शन मीटरचे आकडे लिहून मागा. एका बाजूच्या स्पोकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, पाच असेल तर उत्तम. निपल पितळीच घ्या, ॲल्युमिनियमचं पावसाने आणि घामाच्या मिठाने गंजून जागच्या जागी धरतं. बांधल्यावर समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने घट्ट दाबून चाक बसवलं का, ते विचारा. तसं केलं नसेल तर पहिल्याच राइडला टणटण आवाज येतात आणि चाक आऊट होतं. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ताण बघून घ्यायचा. आणि मीटर नसेल तर नखाने डावीकडचे स्पोक एकेक छेडा: सगळ्यांचा स्वर जवळपास सारखा हवा. एखादा बद बोलला तर तोच आधी तुटणार. हे जो स्वतः करतो तो २८ स्पोकला हसत नाही.

बाकीचं थोडक्यात.

सिंहगड. गोळेवाडीपासून वरपर्यंत आठ-नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. माणूस आणि सायकल मिळून ७९ किलो आणि वेळ ४५ मिनिटं धरा. चाकातून ४०० ग्रॅम गेले म्हणजे एकूण वजनाच्या अर्धा टक्का. वाचतात बारा-तेरा सेकंद. तुमच्या अर्ध्या किलोचे पंधरा. 'मिनिटं' कुठून आणलीत? उलट सोबत मिळालेलं जाड टायर काढून चांगलं रेसचं टायर लावलं, तर त्याच चढावर साधारण पाच वॅट वाचतात, म्हणजे दोनशेमधले अडीच टक्के, म्हणजे मिनिटभर. सपाटीला ३५ च्या वेगाने तेच पंधरा वॅटच्या घरात जातात. म्हणून टायर आधी. 'फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असतं' हेही कुणी ना कुणी म्हणणारच. मोजा दुप्पट. ३० वरून ४५ ला स्प्रिंट मारताना रिंगेचे ४०० ग्रॅम कमी असतील तर ३५ ज्यूल वाचतात. पाच सेकंदांत सात वॅट, तेही आठशे वॅट लावत असताना.

१२० पीएसआय. कृपा करून हे कुणाला सांगू नका. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उडतं, आणि ती उडी तुमच्या पायातली ताकद खाते. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ७५ पुरे, रस्ता खराब असेल तर आणखी पाच कमी. रिंग हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. तिथे मागेही ७० च्या वर जाऊ नका. अशा रिंगेवर २५ चं टायर चढवून १२० भरलंत तर ते उतारावर रिंगेतून निघू शकतं. त्या वेगाला काय होईल ते मी लिहीत नाही.

डीप रिम. ४० च्या वेगाला ५० मिमी खोल रिंगांची जोडी साध्या चाकांपेक्षा पाच-दहा वॅट वाचवते हे मी कुठेही नाकारलेलं नाही. लेख पहिल्या रेसचा होता, आणि पहिल्या रेसला माणूस ग्रुपच्या आडोशाला असतो किंवा मागे सुटलेला असतो. एवढ्यावर तो विषय मी इथे थांबवतो. रिम ब्रेकवाल्यांना मात्र एक सांगून ठेवतो: स्वस्तातली कार्बन रिंग आणि लेटेक्स ट्यूब लावून सिंहगड किंवा पसरणी घाट उतरू नका. सतत ब्रेक धरून कडा तापतात, आधी ट्यूब जाते, आणि मग कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडून रिंगेची कड फुगते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फ्रीहबच्या दुरुस्तीखाली 'एका वाचकाने दाखवलेली चूक' असं नोंदवलं आहे, कारण ती तुम्हीच दाखवलीत. स्पोकांबद्दल पुन्हा लिहायचं असेल तर तुमच्या मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचे ताणाचे आकडे घेऊन या, आणि 'तुम्ही' म्हणा.